मॅडम म्हणायचं बरं का, बाबा

भिंगरीचं शिक्षण नेमकं कशातलं, हे तिच्या घराण्यात आजवर कुणालाही कळलेलं नाही. माणसाचं आणि कॉम्प्युटरचं कुठे जमतं, कुठे फाटतं, याचा तिनं रीतसर अभ्यास केला, वर्गात पहिली आली. पण मावशीचा प्रिंटर बंद पडला की फोन भिंगरीलाच. काका तर चारचौघांत सांगत सुटले, "आमची पुतणी मोबाइलमधल्या बटणांना रंग देते." घ्या! एवढं शिकून पोर रंगारी ठरली. सुरुवातीला तिनं समजावून पाहिलं, मग नाद सोडला.

बाबांनी मात्र कधी काही विचारलं नाही. बाबा घड्याळजी. उभा जन्म एका डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून बसलेला माणूस. गिऱ्हाइकाशीसुद्धा कामापुरतं बोलायचे. घरात बोलायचं खातं आईकडे होतं, आणि लेकीला भिंगरी हे नावही आईनंच ठेवलेलं, कारण ही एका जागी बसेल तर शपथ. आई गेली आणि ते खातं बंद झालं. मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला, बारीक चाकं दिसेनात, म्हणून दुकानही बंद झालं. त्याच सुमारास भिंगरीला दूरच्या शहरात नोकरी लागली. "जा," बाबा म्हणाले. एवढंच. अडवलं नाही की पाठीवर हातही ठेवला नाही, आणि ती गेली.

शहर चांगलं होतं. वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं, हीच तर पंचाईत. बसथांब्यावर बस किती वेळात येणार ते पाटीवर उमटायचं, त्यामुळे कुणाला विचारावं लागत नसे. दुकानात सामान स्वतःच मशीनवर फिरवायचं, त्यामुळे दुकानदाराशी बोलावं लागत नसे. खोलीचं कुलूप आकडे दाबून उघडायचं, त्यामुळे शेजारी किल्ली ठेवायलाही जावं लागत नसे. हे सगळं भिंगरीसारख्याच कुणीतरी शिकल्यासवरल्या पोरीनं डोकं लढवून सोपं करून ठेवलेलं, आणि त्यात भिंगरीचं तोंड आठवडाभर बंद. रविवारी संध्याकाळी ती स्वतःशीच काहीतरी मोठ्यानं बोलून बघायची, आवाज शाबूत आहे ना म्हणून. हसू नका, एकट्या राहणाऱ्या माणसांना हे माहीत असतं.

रोज संध्याकाळी मात्र ती बाबांना फोन करायची. "जेवलात का? औषध घेतलं का? चालून आलात का?" तिकडून "हो. हो. हो." मग बाबा विचारायचे, "तुझं कसं?" ही म्हणायची, "मस्त चाललंय." झाला फोन. अलीकडे व्हिडिओवर या म्हटलं की बाबा म्हणायचे, कॅमेरा बिघडलाय. घड्याळजीच्या घरचा कॅमेरा बिघडतो आणि तसाच राहतो, यात हिला काही वावगं वाटलं नाही. शिकलेल्या माणसांची अक्कल कामाच्या जागी असते, घरी ती सुट्टीवर जाते.

कारण कामाच्या जागी भिंगरी मोठी पक्की होती. तिचं काम असं: नवीन ॲप तयार होत आलं की साध्या माणसांना बोलवायचं, ते त्यांच्या हातात द्यायचं आणि ती कुठे अडखळतात ते बघायचं. त्यांना सांगायचं, "जे जे मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा." आणि आपण गप्प बसायचं. इथे भल्याभल्यांची दांडी उडते. समोरचा चुकीचं बटण दाबतोय हे दिसत असतं, जीभ वळवळत असते, पण मदत करायची नाही. त्यानं विचारलंच, "हे दाबू का?" तर उत्तर द्यायचं नाही, प्रश्न त्याच्याच पदरात टाकायचा: "तुम्हाला काय वाटतं?" शिकवणाऱ्या सरांनी हे वाक्य त्यांच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की झोपेतून उठवून कुणी "पाणी देऊ का?" म्हटलं असतं तरी भिंगरी "तुम्हाला काय वाटतं?" म्हणाली असती.

आणि खरं सांगायचं तर त्या शहरात तिच्याशी पोटभर बोलणारी माणसं तेवढीच, चाचणीला आलेली. कुणी सुनेच्या तक्रारी सांगायचं, कुणी गुडघ्यांच्या. तास संपला की नमस्कार करून जायची, आणि ती रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायची. पुढचा माणूस येईपर्यंत तिला करमायचं नाही.

तर, नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. एका डोळ्यांच्या हॉस्पिटलसाठी ॲप चाललं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घरबसल्या ठरवायचं. त्यात मोबाइलवर एकामागून एक येणारे पडदे सगळे भिंगरीनं आखलेले. घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर त्याची चाचणी घ्यायची, आणि शेवटच्या चाचणीला खुद्द हॉस्पिटलची माणसं शेजारच्या खोलीत बसून मोठ्या पडद्यावर बघणार. तिच्या वरच्या बाईंनी स्वच्छ सांगून ठेवलेलं, "ही नीट पार पडली की तुझी नोकरी पक्की. फिसकटली तर माझ्या हातात काही नाही."

आणि दुष्काळात तेरावा महिना, त्याच सकाळी यायच्या आजोबांना ताप भरला. त्यांच्या शेजाऱ्यांनी कळवलं, येत नाहीत. भिंगरीनं यादीतल्या सगळ्यांना फोन लावले. कुणी उचलेना, कुणी गावाला गेलेलं. हॉस्पिटलचे पाहुणे तर येऊन बसलेले, त्यांचा चहासुद्धा झालेला.

आणि मग तिच्या डोक्यात आलं. म्हातारा माणूस, एकटा राहणारा, डोळ्यांत मोतीबिंदू, हाताशी मोबाइल. चाचणी काय, व्हिडिओवरूनही घेता येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आता यात एक मोठा नियम आडवा येत होता. नात्यातलं माणूस चाचणीला घ्यायचं नाही. ते आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सगळ्याला छान छान म्हणतं, आणि सगळी चाचणी पाण्यात. हा नियम मोडला तर नोकरीवरून काढतात, हेही तिला ठाऊक होतं. पण वेळ आली की माणूस काय करत नाही?

तिनं जिन्यात जाऊन फोन लावला. "बाबा, माझं एक काम आहे. तुम्हाला एक लिंक पाठवते, ती दाबायची. मी दिसेन, आणि तुमचा पडदा मला दिसेल. पण तुम्ही मला ओळखायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तुमची कुणी नाही. मॅडम म्हणायचं बरं का, बाबा. आणि कॅमेरा लागेल हो, बघा ना चालतोय का."

बाबा म्हणाले, "चालेल बहुतेक."

"आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. खरं खरं. माझ्यासाठी म्हणून काही चांगलं बोलायचं नाही. माझी नोकरी आहे यावर."

"बरं," बाबा म्हणाले.

चाचणी सुरू झाली आणि पडद्यावर बाबा आले ते काळा चष्मा लावून! भिंगरीला हसू आवरेना. ओठ चावून तिनं खाली मान घातली. वेषांतर! या माणसानं उभ्या आयुष्यात कधी थट्टा केली नाही, आणि आज लेकीसाठी गुप्तहेर होऊन बसलाय.

"नमस्कार काका," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटेल तसं बसा. चष्मा काढलात तरी चालेल."

"नमस्कार मॅडम. चष्मा काढता येत नाही. मागच्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजेड लागतो."

भिंगरीचं हसू जागच्या जागी राहिलं. नाटक असेल, तिला वाटलं. पण बाबांनी पडद्याजवळ येण्यासाठी मान वळवली तेव्हा चष्म्याच्या कडेनं डोळा दिसला, लाल आणि कडेला औषधानं चिकटलेला. रोज संध्याकाळी "औषध घेतलं का?" विचारत होती, आणि औषध कसलं ते हिला माहीत नव्हतं.

शेजारच्या खोलीत वरच्या बाई बसल्या होत्या, या ॲपची जबाबदारी असलेला प्रॉडक्टवाला बसला होता, पाहुणे बसले होते. भिंगरीनं कागद नीट केला. "काका, समजा तुम्हाला ऑपरेशनची तारीख घ्यायची आहे. या ॲपवर घेऊन दाखवा. मनात येईल ते बोला."

आणि बाबा बोलायला लागले. बाबा! भिंगरीला वाटलं, हे कोण दुसरंच माणूस. हळूहळू, एकेक पुर्जा ताटलीत काढून ठेवावा तसं बोलत होते. "अक्षर मोठं आहे, हे बरं केलंत. तारीख दिसली. हे हिरवं दाबतो. इथे विचारतात कुठला डोळा. डावा. डावा राहिलाय माझा, पुढच्या महिन्यात बोलावलंय. उजवा झाला."

मग तो पडदा आला. भिंगरीनं मोठ्या कौतुकानं आखलेला. वर लिहिलेलं, 'ऑपरेशनच्या दिवशी तुमच्यासोबत कोण येणार?' आणि खाली: पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, इतर नातेवाईक, मित्र. निवडल्याशिवाय आणि त्या माणसाचा फोन नंबर लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं तिनंच करून ठेवलेलं. कुणीच नसेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. रोज एकटी जेवणाऱ्या पोरीच्या डोक्यात आलं नव्हतं, आता काय म्हणावं.

बाबा थांबले. बोट पडद्यावर अधांतरी.

"मनात काय चाललंय ते बोला काका," भिंगरी म्हणाली. हेही ठरलेलंच वाक्य.

"काय बोलू मॅडम. बायको गेली माझी. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं हॉस्पिटलात. म्हटलं, भाचा आलाय, गाडी लावतोय खाली. त्यांनी आत घेतलं. नंतर डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर सोडलं, तर भाचा कुठून आणणार? बाकावर बसून राहिलो. कुणी विचारलं की म्हणायचो, येतोच आहे. मग टॅक्सी करून घरी आलो. दुसऱ्या डोळ्यानंही नीट दिसत नाही, किल्ली कुलपात जाईना. मॅडम, मी घड्याळजी आहे. केसाएवढे स्क्रू बसवलेत या हातांनी. आणि स्वतःच्या दारात उभा राहून कुलूप चाचपत होतो." बाबांनी घसा खाकरला. "रडू आलं. पण डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून रडलो नाही."

भिंगरीची नखं तळहातात रुतली. चेहरा हलवायचा नाही. मान थोडी डोलवायची, 'ऐकतेय' एवढंच दिसेल इतपत. शिकलेलं सगळं ती करत होती.

"एक मुलगी आहे मला," बाबा म्हणाले. आता ते सरळ कॅमेऱ्यात बघत होते. "दूर असते. हुशार आहे. रोज फोन करते. जेवलात का, औषध घेतलं का, चालून आलात का. मी हो म्हणतो. त्यापलीकडे ती विचारत नाही आणि मला सुचत नाही. तिच्या आईला सुचायचं. ऑपरेशनचं सांगणार होतो, पण ते त्या तीन प्रश्नांत कुठे बसेना."

त्यांचं बोट 'मुलगी' या शब्दावर येऊन थांबलं.

"मॅडम, मुलीचं नाव टाकू का? येईल का ती?"

येईन. बाबा, येईन. शब्द भिंगरीच्या घशापर्यंत आला होता. पण जीभ मेली शिकलेली. वर्षानुवर्षं घोटलेली. भिंगरीच्या तोंडून शांत, गोड, बिनचूक आवाजात निघालं,

"तुम्हाला काय वाटतं?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली, समजून घेतल्यासारखी.

"नाही वाटत मॅडम. नवी नोकरी आहे तिची. राहू दे." आणि त्यांनी वरच्या कोपऱ्यातली फुली दाबून ॲप बंद केलं.

आभार मानायची दोन वाक्यं भिंगरीनं कशी म्हटली ते तिलाच ठाऊक. पडदा काळा झाला तरी ती तशीच बसून होती.

शेजारच्या खोलीत मात्र दिवाळी चालली होती. पाहुणे खूश होऊन गेले होते. प्रॉडक्टवाला टाळी द्यायला हात पुढे करून उभा. "काय माणूस शोधलास! 'कोणी नाही' हा पर्यायच नाही आपल्याकडे, आणि एवढ्या चाचण्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकीचे सगळे खोटी नावं टाकून पुढे गेले असणार. ही चित्रफीत मोठ्या साहेबांना दाखवायची."

वरच्या बाई सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्या म्हणाल्या, "आणि तू! एवढं ऐकूनसुद्धा तुझा आवाज जराही हलला नाही. 'येईल का ती' म्हटल्यावर मी असते तर बोलून गेले असते. पक्कं समज तुझं."

भिंगरी म्हणाली, "ते माझे बाबा आहेत."

प्रॉडक्टवाला हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. बाईंनी उठून पडदा बंद केला.

"नियम माहीत होता तुला?"

"होता."

"जाऊ द्या ना," प्रॉडक्टवाला म्हणाला. "कुणाला कळणार आहे? खोटं तर काही नाही त्यात. पाहुण्यांना आवडलंय. एवढी सोन्यासारखी चीज कोण पुसतं?"

बाई भिंगरीकडे बघत होत्या. "तू सांग. ठेवायचं की पुसायचं? पुसलं तर चाचणी अपुरी धरली जाईल. पाहुण्यांना का ते सांगावं लागेल, आणि मग तुझ्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही."

"पुसा," भिंगरी म्हणाली. "ते माझ्याशी बोलत होते. तुमच्याशी नाही. पडद्याची चूक माझी आहे, ती मी आज बसून सुधारते, त्याला चित्रफीत कशाला हवी? आणि मला पुढच्या महिन्यात रजा हवी."

"नोकरी पक्की नसताना रजा मिळत नाही."

"माहितेय," भिंगरी म्हणाली, आणि बाहेर पडली.

जिन्यात कुणी नव्हतं. बाबांनी पहिल्याच घंटेला फोन उचलला. फोन हातातच धरून बसले असावेत.

"जमलं का गं मला?" आवाजात केवढी हौस. "मॅडम म्हणालो ना बरोबर? एकदाही भिंगरी म्हटलं नाही."

"जमलं बाबा. फार छान जमलं." तिनं श्वास घेतला. "डाव्या डोळ्याला मी येतेय. माझा नंबर लिहून द्या तिथं."

बाबा घाईघाईनं म्हणाले, "अगं, ते खरं नव्हतं काही. मनात येईल ते बोल म्हणालीस म्हणून बोललो."

"बाबा, डोळा दिसला मला."

"बरं, मग दिसला तर दिसला. तू येऊ नकोस. नोकरी घालवून यायचं काही कारण नाही."

"नोकरीचं मी बघेन. येतेय म्हटलं ना."

"नको म्हणतो ना मी!" बाबा ओरडले. भिंगरी दचकली. बाबा तिच्यावर लहानपणीसुद्धा कधी ओरडले नव्हते. मग त्यांचा आवाज खाली आला, अगदी खाली.

"तू आलीस की घर भरतं गं. दोन दिवस मला कुणीतरी हाक मारतं. मग तू जातेस. आणि नंतरचे दिवस मला काढवत नाहीत. कशीबशी लावलेली असते एकट्यानं राहायची सवय, ती तू मोडून जातेस. पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. डोळ्याचं काय, होईल कसंही. पण ते मला आता पुन्हा जमणार नाही. म्हणून म्हणतो, नको येऊस."

भिंगरी पायरीवर बसली. इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून चौथा शब्द निघाला नाही, तो मॅडमला नाही, हिला हे सांगत होता. तिला रडू फुटलं आणि तिनं ते दाबलं नाही. वरून कुणीतरी उतरत आलं, तिला बघून परत वर गेलं. जाऊ दे मेलं.

"मला तर ती सवय अजून लागलीच नाही, बाबा," ती रडत म्हणाली. "मस्त चाललंय म्हणते ना मी रोज, ते सगळं खोटं. इथं माझं कुणी नाही. रविवारी मी भिंतीशी बोलते. तुमच्या भाच्यासारखी माझीही माणसं आहेत, सगळी गाडीच लावतायत कुठेतरी."

तिला वाटलं फोन तुटला.

"हॅलो? बाबा?"

"आहे," बाबा म्हणाले. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही हे डॉक्टरांचं सांगणं बहुतेक त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. "मोडू दे मग सवय. ये तू."